आमवात व हृद्‌ग्रह : एका बालरोगाच्या इतिहासाचीं विखुरलेलीं साधनें

इतिहाससंशोधक ज्यांस साधनें म्हणतात, त्यांत राजपत्रें, महजर, निवाडे, शकावल्या, वंशावळी व ताम्रपट यांचा समावेश सर्वमान्य आहे. वैद्यकाच्या बाडांस मात्र तो मान क्वचितच मिळतो. संग्राहकांच्या हातीं एखादा जुना रुमाल आला म्हणजे त्यांतील सनदा व पत्रें तत्काळ वेगळीं काढलीं जातात. काढे, चूर्णें व मात्रा यांचीं टिपणें बहुधा तशींच बाजूस पडतात. या उपेक्षेनें काय गमावलें जातें, हें एका रोगाच्या उदाहरणानें दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. तो रोग म्हणजे लहान वयांत संधिज्वराच्या रूपानें येऊन पुढें हृदयाच्या झडपा निकामी करणारा विकार होय. आजचे डॉक्टर त्यास ऱ्हुमॅटिक हृदयरोग म्हणतात.

प्रथम या रोगाचा क्रम आजच्या ज्ञानाप्रमाणें सांगणें अवश्य आहे. कारण तो ध्यानांत आल्यावांचून जुन्या ग्रंथांतील लक्षणें जुळवितां येणार नाहींत. प्रारंभ घशापासून होतो. पांच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा धरतो, ताप येतो, गिळतांना दुखतें, आणि चार-पांच दिवसांनीं तें बरें होतें. हा घसा स्ट्रेप्टोकोकस नांवाच्या जंतूंच्या एका विशिष्ट वर्गामुळें धरलेला असेल, तर कांहीं थोड्या मुलांत जंतूशीं लढण्यासाठीं उत्पन्न झालेली शक्ति आपल्याच शरीरावर उलटते. दोन-तीन आठवड्यांनीं पुन्हां ताप येतो. गुडघा सुजतो, तो उतरला न उतरला तोंच घोटा, मग कोपर, मग मनगट, अशी सूज फिरत जाते. कधीं हातपाय आपोआप वेडेवांकडे हलूं लागतात. हें सर्व कांहीं आठवड्यांनीं ओसरतें, सांध्यांत मागें कांहीं उरत नाहीं, व घरचीं माणसें रोग गेला असें समजतात.

परंतु त्याच काळांत अनेक मुलांच्या हृदयाच्या झडपांस सूज येऊन गेलेली असते. पुढें असाच घसा पुन्हां पुन्हां धरला व संधिज्वर उलटला, म्हणजे प्रत्येक खेपेस झडपांवर नवा आघात होतो. त्या जाड होतात, आंखडतात, एकमेकींस चिकटतात. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील द्विदल झडप बहुधा प्रथम बिघडते. ती गळूं लागली म्हणजे रक्त उलट फिरतें. अरुंद झाली म्हणजे तें फुप्फुसांत तुंबतें. मग चढण चढतांना धाप, रात्रीं आडवें निजतां न येणें, खोकल्यांतून रक्त, छातींत धडधड, पायांवर सूज, आणि कधीं हृदयांत सांकळलेल्या रक्ताची गांठ मेंदूंत जाऊन अर्धांग, अशीं लक्षणें एकामागून एक दिसूं लागतात. मुलगी असेल तर पहिल्या गरोदरपणांत, रक्ताचा भार वाढल्यामुळें, हा लपलेला रोग अनेकदां प्रथम उघड होतो.

या क्रमांत दोन गोष्टी इतिहासदृष्ट्या महत्त्वाच्या आहेत. पहिली ही कीं, कारण आणि परिणाम यांच्यामध्यें कित्येक वर्षांचें अंतर पडतें. दुसरी ही कीं, प्रत्येक अवस्थेचें लक्षण निराळ्या अवयवांत प्रकट होतें. म्हणून लक्षणांवरून अध्याय पाडणाऱ्या निदानग्रंथांत हा एक रोग एका ठिकाणीं सांपडत नाहीं. माधवनिदानाचाच अनुक्रम पाहावा. रक्त पडणें हें नवव्या रक्तपित्ताध्यायांत, त्यासह कृशता व ज्वर हीं दहाव्या राजयक्ष्म्यांत, धाप बाराव्या हिक्काश्वासांत, अर्धांग बाविसाव्या वातव्याधींत, सांध्यांची सूज पंचविसाव्या आमवातांत, हृदयाची पीडा एकोणतिसाव्या हृद्रोगांत, पायांची सूज छत्तिसाव्या शोथांत आणि घशाचे विकार छपन्नाव्या मुखरोगांत. एकाच पोथीचीं पानें आठ निरनिराळ्या रुमालांत बांधलीं जावीं, तसाच हा प्रकार आहे. ज्यांनीं दप्तरें चाळलीं आहेत, त्यांस असा अनुभव नवा नाहीं.

तथापि याच ग्रंथांत या पानांस जोडणारा एक धागा आहे, व त्याकडे आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत आमवातास स्वतंत्र अध्याय नाहीं. तो प्रथम देण्याचें श्रेय इ. स. च्या सातव्या-आठव्या शतकांतील माधवकराकडे जातें. त्यानें आमवाताचीं सामान्य लक्षणें म्हणून अंगमर्द, अरुचि, तृष्णा, आलस्य, जडपणा, ज्वर, अपचन व अंगास सूज हीं सांगितलीं आहेत. नंतर प्रवृद्ध, म्हणजे बळावलेल्या, आमवाताचें वर्णन येतें. हात, पाय, घोटे, गुडघे, मांड्या यांच्या संधींत वेदनायुक्त सूज येते, जेथें जेथें आम पोहोंचतो तेथें तेथें विंचवाच्या दंशासारखी वेदना होते, असें सांगून उपद्रवांच्या मालिकेंत भ्रम व मूर्च्छा यांच्या पाठोपाठ ‘हृद्‌ग्रह’ हें लक्षण त्यानें नमूद केलें आहे. हृद्‌ग्रह म्हणजे हृदय धरल्यासारखें, जखडल्यासारखें होणें. ज्वर, एका सांध्यांतून दुसऱ्यांत जाणारी सूज आणि हृदयाची पीडा हीं तीन पानें येथें एका ठिकाणीं आलीं आहेत. याच ग्रंथावरील मधुकोश टीकेचा अश्मरीपर्यंतचा भाग विजयरक्षिताचा व पुढील श्रीकंठदत्ताचा असल्यामुळें, आमवात व हृद्रोग हे दोन्ही अध्याय एकाच टीकाकाराच्या हातांखालून गेले आहेत, ही गोष्ट पाठचिकित्सा करणारांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

या शब्दावरून किती अनुमान काढावें, हा खरा प्रश्न आहे. आमच्यांतील कांहीं उत्साही मंडळी एवढ्या एका शब्दावर, झडपांचा विकार प्राचीनांस ठाऊक होता, असा सिद्धांत उभारतील. तो टिकणार नाहीं. माधवकरानें झडपांचा उल्लेख केलेला नाहीं. हा रोग मुलांचा आहे, असेंहि त्यानें म्हटलें नाहीं. हृद्‌ग्रह हें वीसांहून अधिक लक्षणांपैकीं एक आहे, आणि मलावरोध व पोट फुगणें हींहि त्याच मालिकेंत आहेत. शिवाय आजचे पुष्कळ वैद्य आमवात हा शब्द प्रौढांचे सांधे कायमचे वांकडे करणाऱ्या निराळ्याच संधिविकारास लावतात. उलटपक्षीं, प्राचीनांस यांतील कांहींच दिसलें नव्हतें, असें म्हणणारेहि चुकतात. संधिज्वर बळावला म्हणजे हृदय धरतें, एवढें निरीक्षण माधवकराच्या शब्दांत निःसंशय आहे. जितकें लिहिलें आहे तितकेंच वाचावें, हा पुराव्याचा नियम ताम्रपटास लागू आहे, तसाच निदानग्रंथासहि.

युरोपांतसुद्धां हीं पानें एकत्र येण्यास फार काळ लागला. लंडनमधील डॉक्टर डेव्हिड पिटकेर्न यांनीं १७८८ च्या सुमारास संधिवात झालेल्यांत हृदयविकार अधिक आढळतो, असें आपल्या शिष्यांस सांगितलें. विल्यम चार्ल्स वेल्स यांनीं १८१२ मध्यें स्वतःच्या व सहव्यवसायी मंडळींच्या रुग्णांचीं टिपणें एकत्र करून त्यावर निबंध प्रसिद्ध केला. १८१६ मध्यें लेनेक यांनीं छातींतील ध्वनि ऐकण्याची नळी शोधून काढली, आणि पुढें १८३६ मध्यें बुइयो यांनीं तीव्र संधिज्वर व हृदयविकार यांचें साहचर्य नियमरूपानें मांडलें. घशाचें पान मात्र विसाव्या शतकापर्यंत सुटेंच राहिलें होतें. १९३१ मध्यें न्यूयॉर्कच्या कोबर्न यांनीं स्ट्रेप्टोकोकसाचा संबंध साधार दाखविला, तेव्हां कोठें मालिका पुरी झाली. वेल्स यांचें काम नवीन यंत्रानें झालें नाहीं, हें येथें विशेष आहे. निरनिराळ्या वैद्यांच्या टिपणवह्या शेजारीं ठेवून वाचल्यामुळें तें झालें. अशा टिपणवह्या महाराष्ट्रांतहि लिहिल्या गेल्या. त्या शेजारीं ठेवून वाचणारा मात्र अद्याप मिळावयाचा आहे.

आपल्या देशाच्या बाबतींत आणखी एक अडथळा आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत, संधिज्वर हा थंड व दमट देशांचा रोग असून उष्ण कटिबंधांत तो नाहीं किंवा अत्यल्प आहे, असें मत विलायतेंतील वैद्यकांत प्रबळ होतें. जो रोग नाहीं असें ठरलें, तो शोधणार कोण? या मताविरुद्ध पुरावा गोळा करणारांत मद्रास इलाख्यांतील डॉक्टर पी. कुटुंबय्या यांची गणना केली पाहिजे. मुलांतील संधिज्वरावर त्यांनीं १९४१ मध्यें लेखन केलें, आणि याच गृहस्थांनीं पुढें १९६२ मध्यें प्राचीन भारतीय वैद्यकावर ग्रंथ प्रसिद्ध केला. नंतर १९६३ मध्यें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील सुजय रॉय व त्यांचे सहकारी यांनीं ‘लॅन्सेट’ मध्यें भारतांतील बालवयीन द्विदल-संकोचाचें वर्णन केलें. पाश्चात्त्य देशांत झडप अरुंद होऊन त्रास सुरू होण्यास पहिल्या ज्वरानंतर वीस-वीस वर्षें लागत. येथें विसाव्या वर्षाच्या आंतच शस्त्रक्रियेची वेळ आलेली मुलें त्यांस आढळलीं. रोग तोच, पण पावलें जलद. वारंवार उलटणारा ज्वर, दाटीची वस्ती आणि उपचारांचा अभाव हीं त्या जलदपणाचीं कारणें मानलीं जातात.

आतां आपल्या ऐतिहासिक साधनांकडे वळूं. येथें एका मोहापासून वाचकांस सावध करणें आम्हांस कर्तव्य वाटतें. श्रीशिवछत्रपतींच्या अखेरच्या दुखण्यासंबंधीं सभासद ज्वर सांगतो, तर ग्रँट डफ गुडघ्याची दुखरी सूज व त्यापासून चढलेला तीव्र ज्वर सांगतो. ज्वर आणि गुडघा हीं दोन अक्षरें दिसतांच संधिज्वर असा निष्कर्ष काढण्याची इच्छा होईल. पण इ. स. १६८० मध्यें महाराजांचें वय पन्नास होतें. त्या वयांत हा रोग प्रथम होणें विरळ. संधिज्वराची सूज फिरती असते, आणि एकाच गुडघ्यास सूज येण्याचीं कारणें अनेक आहेत. सबब तेथें हा रोग कल्पूं नये. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं वारले. त्यांचा राजयक्ष्मा समकालीनांनीं ओळखला होता व तो निर्णय बदलण्यास आम्हांस आधार दिसत नाहीं. तथापि सामान्य कुटुंबांतील तरुण मुलगा किंवा सून क्षयानें गेली, एवढेंच जेथें परंपरेनें सांगितलें जातें, तेथें निर्णय इतका सोपा नाहीं. खोकल्यांतून रक्त, धाप आणि अंग वाळत जाणें हीं लक्षणें अरुंद झालेल्या झडपेचींहि असतात. अशा मृत्यूंपैकीं कांहीं क्षयाचे नसून हृदयाचे असले पाहिजेत. कोणते, हें सांगण्यास लहानपणच्या सांधेदुखीची नोंद हवी. आणि तशी नोंद असलीच तर ती वैद्याच्या बाडांतच असणार, राजपत्रांत नव्हे.

आमच्या पुणतांब्याचा विचार मनांत आला म्हणजे ही उणीव अधिकच जाणवते. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर, या जिल्ह्यांतील हें गोदाकांठचें गांव चांगदेवांच्या समाधीमुळें प्रसिद्ध आहे. चांगदेव चौदाशें वर्षें जगले, अशी परंपरेची श्रद्धा. अहिल्याबाई होळकरांचा घाट येथें आहे. दीर्घायुषी योगी आणि पुण्यश्लोक राणी या दोघांची स्मृति दगडांत व ग्रंथांत टिकली. परंतु याच नदीकांठीं चौदाव्या-पंधराव्या वर्षीं धाप लागून गेलेल्या मुलांची स्मृति कोठेंच टिकली नाहीं. त्यांतहि गोदाकांठच्या वस्त्यांतील भिल्ल आणि याच जिल्ह्यांतील अकोले तालुक्याच्या डोंगरांतील महादेव कोळी व ठाकर यांच्या मुलांची नोंद तर कोणत्याच बाडांत होण्याचा संभव नव्हता. कारण बाड लिहिणारा वैद्य त्यांच्यापर्यंत पोहोंचत नसे, व त्यांच्या स्वतःच्या झाडपाल्याच्या ज्ञानास लेखणी लाभली नव्हती. ज्यांच्याविषयीं कागद नाहीं त्यांच्यांत रोग नव्हता, असें समजणें म्हणजे उष्ण कटिबंधांत संधिज्वर नाहीं म्हणणाऱ्यांची री ओढणें होय.

हा रोग विशिष्ट रक्ताचा किंवा जातीचा आहे, असाहि समज कोणी करून घेऊं नये. आज जगांत त्याचें प्रमाण अत्यंत अधिक आहे तें ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागांतील आदिवासी मुलांत, आणि न्यूझीलंडमधील माओरी व पॅसिफिक बेटांतील मुलांत. त्याच देशांतील गोऱ्या मुलांत तो जवळजवळ नाहींसा झाला आहे. पण शंभर वर्षांपूर्वीं लंडन व बोस्टन येथील गोऱ्या गरिबांच्या मुलांत तो सर्रास होता. तेथें तो मागें हटूं लागला तो औषधाच्या आधीं, घरें मोकळीं झाल्यावर. पेनिसिलिन नंतर आलें. एका खोलींत दहा माणसें निजलीं म्हणजे एकाचा घसा दहांचा होतो. ऑस्ट्रेलियांत खरजेवर होणाऱ्या त्वचेच्या फोडांचाहि या रोगाशीं संबंध असावा, असें तेथील संशोधक मानतात. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामांत कोपींमधून राहणाऱ्या कुटुंबांची दाटी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.

या इतिहासाचा वर्तमानाशीं संबंध किती निकट आहे, हें दोन आंकड्यांवरून कळेल. हरियाणांतील बल्लभगड येथें शाळकरी मुलांची तपासणी झाली व ती २०११ मध्यें प्रसिद्ध झाली. नळीनें छाती ऐकून हजारीं एकाहूनहि कमी मुलांत हा रोग सांपडला. त्याच मुलांची ध्वनिलहरींच्या यंत्रानें, म्हणजे इको या नांवानें परिचित असलेल्या रीतीनें, तपासणी केली तेव्हां हजारीं सुमारें वीस मुलांच्या झडपांत बिघाड दिसला. म्हणजे रोग आहे, पण मूल खेळत आहे आणि घरीं कोणास पत्ता नाहीं. युगांडांत अशाच आठशेंच्या सुमारास मुलांचे दोन गट करून एकास दर चार आठवड्यांनीं पेनिसिलिनची सुई देण्यांत आली. दोन वर्षांत सुई न घेणाऱ्या गटांत शंभरीं आठांचा रोग पुढें सरकला. घेणाऱ्या गटांत शंभरीं एकाचाहि नाहीं. तेव्हां रोगाचा क्रम अटळ नाहीं. प्रारंभींचें पान वेळेवर वाचलें तर पुढचीं पानें लिहिलीं जात नाहींत. परंतु ही सुई तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें कित्येक वर्षें चालवावी लागते, आणि ज्याचें घर हंगामाबरोबर हलतें त्या मुलाची सुई चुकते. २०१८ मध्यें जागतिक आरोग्य सभेनें या रोगाच्या निवारणाचा ठराव केला आहे. ठरावाची अंमलबजावणी शेवटीं गांवच्या आरोग्य उपकेंद्रांत व शाळेच्या वर्गांतच व्हावयाची. धांवतांना मागें राहणारें, पायऱ्यांवर थांबणारें मूल आळशी म्हणून गणलें जातें. त्याच्या मागील दोन-तीन वर्षांत गुडघे सुजून ताप आला होता काय, एवढें विचारणें कोणाहि शिक्षकास शक्य आहे.

आतां संग्राहकांस आमची विनंती. काश्यपसंहिता हा बालवैद्यकाचा थोर ग्रंथ नेपाळांतील एका खंडित ताडपत्री हस्तलिखितामुळें वांचला व राजगुरु हेमराज शर्मा यांच्या परिश्रमानें १९३८ मध्यें प्रकाशांत आला. बोलतां न येणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या हालचालींवरून कशी ओळखावी, हें सांगणारा वेदनाध्याय त्यांत आहे. तें एक हस्तलिखित कोणीं निरुपयोगी म्हणून नदींत सोडलें असतें, तर तो अध्यायहि गेला असता. आपल्याकडील वैद्यघराण्यांच्या बाडांत काय आहे, हें बाड उघडल्यावांचून कळणार नाहीं. त्यांत पाठ, मंत्र, मुहूर्त व देण्याघेण्याचे हिशेब यांची सरमिसळ असते. पण कोणास, कोणत्या वयांत, कोणत्या दुखण्यावर औषध दिलें याची एखादी ओळहि अधूनमधून असूं शकते. अशा ओळी वेगळ्या उतरून घ्याव्या. रुग्णाचें वय, लक्षणांचा क्रम, ऋतु व वस्ती यांचे चार रकाने करून शब्द जसेच्या तसे नोंदावे. आधुनिक रोगनाम मात्र त्या नोंदींत घालूं नये, तें निराळ्या कागदावर लिहावें. आमवात, संधिवात, धाप, क्षय, अर्धांग हे शब्द एकाच रुग्णाच्या किंवा एकाच घराच्या नांवापुढें आलेले दिसल्यास त्यांची विशेष खूण करावी.

हें काम वैद्य व पंडित यांनीं मिळून करावयाचें आहे, आणि त्यास आपल्याकडे उदाहरणें आहेत. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं रोगी तपासले व शिलालेखहि वाचले. डॉक्टर अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० मध्यें अष्टांगहृदयाची टीकेसह आवृत्ति सिद्ध केली. अलीकडे डॉक्टर वलियाथन यांनीं तिरुवनंतपुरम येथें हृदयाची कृत्रिम झडप तयार करविली, ती १९९० मध्यें प्रथम रुग्णास बसविण्यांत आली. आणि त्यांनींच पुढें चरकाच्या अभ्यासास वाहून घेतलें. पुणतांबा, कोपरगांव, राहाता व श्रीरामपूर या टापूंतील ज्या घरांत वैद्यकी बाडें असतील, त्यांच्या धन्यांनीं तीं वाळवीच्या स्वाधीन न करितां निदान त्यांच्या नकला करूं द्याव्या, आणि ज्यांस मोडी वाचतां येते अशा मंडळींनीं त्यांतील रुग्णांच्या ओळी उतरून या त्रैमासिकाकडे धाडाव्या, अशी आमची प्रार्थना आहे.